सुताराच्या दोन गोळ्या

आमचे हे सुतार. लाकडाशी गोड बोलतात, माणसांशी हुज्जत घालतात. लाकूड कोरताना पटाशीची धार उजव्या अंगठ्यात घुसली तेव्हा चिंधी गुंडाळली आणि पुन्हा कामाला लागले. अंगठा टम्म फुगल्यावर मीच ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, अँटिबायोटिक वेळेवर घ्यायला सांगितलं आणि ठणकलं तर पॅरासिटामॉल घ्या म्हणाले.

यांनी मान डोलावली. मी रोज कपाळाला हात लावून बघायचे; ताप नव्हता. ठणकाही कमी असायचा. स्वारी खुर्चीत बसून मला भाजी कशी चिरायची ते शिकवत होती, म्हणून मीही निर्धास्त होते.

मग एका दुपारी शर्ट बदलताना यांच्या मनगटापासून कोपराकडे गेलेली लाल रेघ दिसली. जखमेचं विष वर चढायला लागलं होतं. औषधांची पिशवी उपडी केली. पॅरासिटामॉलचं पाकीट रिकामं, अँटिबायोटिकचं जवळजवळ भरलेलं.

विचारलं तर हे शांतपणे म्हणाले, “पॉलिशचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारतात का? एक गोळी जिरली की दुसरी घेणार होतो. पण तेवढ्यात पुन्हा ठणकायला लागायचं.”

म्हणजे दर वेळी दुखण्याची गोळीच पुढे, आणि खरं औषध आपलं ताटकळत. मला इतका संताप आला की यांना तसंच रिक्षात कोंबलं.

मोठ्या हॉस्पिटलात लगेच हाताला छेद देऊन पू काढला. नंतर डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं.

“दोन्ही गोळ्या सांगितलेल्या प्रमाणात एकदमच घेतल्या असत्या तरी चाललं असतं,” त्या म्हणाल्या. “दुखण्याच्या गोळीनं ताप दबला, आणि अँटिबायोटिक पोटात गेलंच नाही म्हणून पू आत पसरत गेला.”

अंगठ्याचं विचारलं, तर तो पूर्वीसारखा वळणार नाही म्हणाल्या.

आत नर्सनं दोन्ही गोळ्या यांच्या डाव्या तळहातावर ठेवल्या. यांनी त्या मुकाट्यानं एकदमच गिळल्या. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. नुसती भीती उरली.

पट्ट्यांनी बांधलेल्या हाताकडे बघत यांनी विचारलं, “रंधा धरता येईल ना गं?”

“येईल की,” मी म्हणाले, आणि उशी नीट करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.