तिरकी पट्टी

माझ्या कारखान्याचे नाव कोणत्या बुटावर छापावे, हे ठरवण्याचा अधिकार मी अद्याप कोणालाही दिलेला नाही. म्हणूनच नात आपल्या भागीदाराला घेऊन माझ्या कार्यालयात आली. तरुणांच्या फॅशनचे कपडे विकणारा त्या दोघांचा ब्रँड आहे. आमचा जुना धावण्याचा बूट दोन्ही नावांनी पुन्हा काढावा, असा त्यांचा बेत होता. मी करारावर सही केली नाही, तर नातीची वर्षभराची खटपट पाण्यात जाणार होती.

भागीदाराच्या डोक्यावर टोपी होती. मी टोपीकडे पाहिले. त्याने ती काढली.

त्यांनी आणलेल्या नमुन्याचे कातडे उत्तम, शिवण बारीक. डाव्या बुटाच्या बाजूला शिवलेली पट्टी मात्र टाचेकडे घसरली होती.

"ही तिरकी का?"

"मूळ बूट असाच आहे, आजी. जुने बूट जमवणाऱ्या एका शौकिनाकडून मिळवला, हुबेहूब उतरवलाय." त्याने तो जुना जोडही पुढे ठेवला.

मी त्या जुन्या बुटाची नाडीखालची जीभ उलटून आतला गोल शिक्का दाखवला. "हा आमचा बाद माल. चांगले जोड लोकांनी धावून धावून झिजवले. हा कोणी पायात घातला नाही, म्हणून उरला."

नातीने कपाळाला हात लावला. भागीदार मात्र खुलला. "मग तर भारीच. हीच गोष्ट विकू या."

"बाद माल, आणि माझ्या नावाने? मी असेपर्यंत नाही."

"आजी, ऐक ना," नात म्हणाली. "फोटोंत सगळीकडे हाच जोड फिरतो. लोक आता त्या तिरक्या पट्टीवरूनच बूट ओळखतात. सरळ केली तर नकली म्हणतील."

"म्हणू देत. तुला काय वाटतं, ते सांग."

तिने दोन्ही जोड शेजारी ठेवून पाहिले. मग नमुना उचलून खाली शिवणखात्यात गेली आणि स्वतः पट्टी उसवू लागली. आम्ही मागोमाग गेलो. पट्टी सरळ बसली, पण कातड्यावर जुन्या टाक्यांची तिरकी रांग उरली.

"ही भोकं तरी ठेवू या," भागीदार म्हणाला.

"पाणी शिरेल," मी म्हणाले.

"अहो आजी, यात धावणार कोण आहे?"

"मी," नात म्हणाली, आणि तिने नवे कातडे कापायला घेतले.

मी तिथेच, शिवणयंत्राच्या पाटावर कागद ठेवून सही केली.