पेंढीची वजाबाकी

धन्यकुमार सरांना कृष्णात गुरुजींचा मत्सर वाटे, आणि हा मत्सर ते तत्त्व म्हणून बाळगत. सर सांगलीला बी.एस्सी. झालेले, हायस्कुलात गणित शिकवणारे. गुरुजी खालच्या आळीच्या शाळेत चौथीपर्यंत सगळंच शिकवणारे. पाचवीला पोरं हायस्कुलात येत, पण जीव मागं ठेवून. सरांनी काही सांगितलं की म्हणत, "आमच्या गुरुजींनी असं न्हाई सांगितलं."

भांडण वजाबाकीचं होतं. बावन्नातून सत्तावीस. गुरुजी म्हणत, वर दोनाला दहा द्या, खाली दोनाला एक द्या. सर म्हणत, पाच दशकांतला एक सुट्टा करा, चार उरले. पोरं दोघांनाही दुखवायला तयार नव्हती. ती वरच्या पाचाचे चार करत आणि खालच्या दोनाचे तीनही करत. उत्तर पंधरा. सबंध वर्गाचं, एकमतानं.

चाचणी तपासून विस्तार अधिकारी लालासाहेब यांनी दोन्ही शाळांची बैठक लावली. पहिलीपासून दहावीपर्यंत एकच पद्धत हवी, कोणाची ते आजच ठरवा, म्हणाले. सर तासभर बोलले. गुरुजींनी पान लावलं आणि म्हणाले, "सरांचीच घ्या. मला काय, शिकवायचंच हाय."

सर जिंकले. त्या आनंदात त्यांनी घरी मोतीचुराचे लाडू नेले. राजमतीबाईंनी विचारलं, "कशाचे?" ते म्हणाले, "तत्त्वाचे."

पुढच्या जूनला नवी पाचवी आली. सरांनी फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस लिहिलं. मागच्या बाकावरची बनुबाई उठून म्हणाली, "सर, एक पेंढी सोडा की."

"कसली पेंढी?"

"कडब्याची. धा धाटांची. गुरुजींनी आमाला वर्गात पेंढ्या बांधाय लावल्या. दोनातनं सात जाईना झालं की एक पेंढी सोडायची."

सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. सरांना ताप आल्यासारखं झालं.

दिवाळीनंतर साताऱ्याहून साहेब लोक 'पेंढीची वजाबाकी' बघायला आले. खालच्या शाळेच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. पोरांनी पेंढ्या सोडल्या, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आभार मानायचं काम सरांकडे होतं. त्यांनी साहेबांचे आभार मानले, कडबा देणाऱ्या हंबीररावांचे मानले, गुंडा नावाच्या चहावाल्याचेही मानले आणि खाली बसले. गुरुजी खुर्चीतल्या खुर्चीत हसले.

पांगापांग झाल्यावर गुरुजी एका हातात पेंढी घेऊन सरांजवळ आले. "रागावलाय व्हय?"

"छे. पद्धत माझी होती, एवढंच."

"तुमचीच की. कोण न्हाई म्हणतंय? पर पोरं माझी हायती सर, त्याला काय करता?"

हे बोलताना त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. तो सरांना सगळ्यात जास्त लागला.

"आता भागाकाराचं बघा कायतरी," गुरुजी म्हणाले. "तिथंबी तुमचं एक, आमचं एक चाललंय. पोरं लय गोंधळत्यात. तुमी डोकं चालवा, मी खालनं शिकवून धाडतो."

भागाकाराची रीत सरांनी गणपतीतच बसवून ठेवली होती. पहिलीच्या पोरालाही कळेल इतकी सोपी होती ती. त्यांनी गुरुजींच्या हातातल्या पेंढीकडे बघितलं.

"अजून काही सुचलं नाही," सर म्हणाले, आणि सायकलीवर टांग टाकली.