शेजारी बसवणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे, आणि आधीच सांगतो, मी राजवाड्यातला नाही. कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्या खोक्यांच्या फळ्या म्हणजे माझं अंग. एका सुताराने मला ठोकून उभं केलं. माझ्या पाठीवर खोक्यावरचंच 'वरची बाजू' असं छापलेलं आहे, आणि ते नेमकं उलटं आलंय. लोक हसतात. हसू देत.

मला बनवून घेतलं एका राजकीय पक्षाच्या तरुण पोरापोरींनी. पक्ष उदारमतवादी. हा शब्द जड वाटेल, पण अर्थ सोपा आहे. ज्याला जे वाटतं ते त्याने बोलावं, ज्याला जसं जगायचं तसं त्याने जगावं, फक्त दुसऱ्याच्या पायावर पाय देऊ नये. एवढंच. भाषणात हे सगळेच म्हणतात. भाषण संपल्यावर म्हणणारे फार थोडे, आणि मी त्या थोड्यांचा बाक आहे.

पक्षाच्या कचेरीत ही पोरं झाडू मारायची, फलक रंगवायची, थोरामोठ्यांसाठी खुर्च्या मांडायची. सुट्टीच्या दिवशी मला दोन्ही टोकांनी उचलून बाजारच्या चौकात न्यायची. त्यांची एक रीत होती. ज्याचं आपल्याशी पटत नाही, त्याला समोर नाही, शेजारी बसवायचं. मग आधी त्याचं म्हणणं आपण सांगायचं, त्याने "हो, हेच" म्हणेपर्यंत सांगायचं, आणि मगच आपलं तोंड उघडायचं. या रीतीला ती 'आधी त्याचं' म्हणत. तुम्ही घरी भावाबरोबर करून बघा. जीभ कशी जड होते ते कळेल.

कितीतरी वर्षं मी हे ऐकलं. माझ्यावर लोक तावातावाने बसले आणि डोकं खाजवत उठले. वाटसरू म्हणायचे, "पोरं हुशार आहेत हो." त्या कौतुकाने माझी फळी तकतकीत झाली.

युवा शाखेची अध्यक्ष होती चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी. अंगाने काडी, पण बोलायला लागली की समोरचा आपोआप सरळ बसायचा. तिच्याशी भांडायला हटकून यायचा तो विरोधी पक्षाचा गॅरेजवाला. हात काळे, आवाज फाटका. तो तिला चिडवायला 'अध्यक्षीणबाई' म्हणायचा. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. पाणी, रस्ते, शाळा, काहीही काढा.

मग पक्ष निवडून आला. नगरपालिका हातात आली. आणि मित्रांनो, खुर्ची मिळाली की माणसाच्या कानात बोळे बसतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पक्षाच्या साहेबांनी ठरवलं की चौकात विरोधकांना सभा नको, पत्रकं नकोत, काही नको. तरुणपणी हेच साहेब माझ्यावर बसून वाद घालायला शिकले होते.

कचेरीत बैठक भरली. साहेब म्हणाले, "युवा शाखेचं मत सांगा." मुलगी उठली आणि सवयीने 'आधी त्याचं' सुरू केलं. "चौक लहान आहे. दोनदा मारामारी झाली. दुकानदार वैतागलेत. लोकांनी आपल्याला शांततेसाठी निवडलंय..." साहेबांनासुद्धा आपलं म्हणणं इतकं चांगलं मांडता आलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उठून म्हणाले, "झालं तर मग! युवा शाखेचाही पाठिंबा!" तेवढ्यात चहा आला आणि जो तो कपाकडे धावला.

"अहो, ते तुमचं होतं!" ती ओरडली. "माझं अजून राहिलंय!"

कपबशांच्या आवाजात कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की युवा शाखेचा बंदीला पाठिंबा आहे. गॅरेजवाला तडक कचेरीत आला.

"काय अध्यक्षीणबाई? शेजारी बसवून गळा कापता होय?"

"मी तसं म्हटलं नाही रे."

"छापलंय की!"

तो पाय आपटत गेला. तिच्या मैत्रिणीने दार लावून घेतलं. "आता गप्प राहा. वॉर्डाचं तिकीट तुलाच मिळतंय. साहेबांना दुखावू नकोस."

"तिकीट हवंय गं मला. खोटं कशाला बोलू? आईने शेजारपाजारी सांगूनसुद्धा टाकलंय." ती माझ्यावर बसली. बराच वेळ माझ्या फळीवर बोटं वाजवत राहिली. मग उठली. "चल, ते टोक धर."

मला चौकात आणलं. एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला तिने गॅरेजवाल्याला बोलावून आणून बसवलं, हातात त्याची पत्रकं देऊन. म्हणाली, "अर्धा बाक तुझा. बोल." आणि तो बोलला की! ही माणसं दुतोंडी आहेत, ढोंगी आहेत, ही मुलगी साहेबांचा पोपट आहे. ती शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिचे कान लाल झाले होते, पण ती हलली नाही. मी आयुष्यात पुष्कळ पाठी टेकलेल्या पाहिल्या. तिच्याइतकी ताठ पाठ पाहिली नाही.

पालिकेचे दोन कामगार आले. एकाने टोपी मागे सरकवली. "ताई, आम्हाला विरोधकांचं सामान उचलायचा हुकूम आहे. तुमचं नाही."

"मग अर्धाच उचला."

"अर्धा कसा उचलायचा?"

"करवत आणा," गॅरेजवाला म्हणाला. "नाहीतर गॅरेजमधली देऊ?"

लोक खो-खो हसले. कामगारांनी फोन लावला आणि साहेब स्वतः आले.

"ऊठ पोरी. शोभा पुरे झाली." मग खाली वाकून, हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "तिकिटाचं अजून ठरायचंय. विसरू नकोस."

ती मोठ्याने म्हणाली, "साहेब, त्या दिवशी मी तुमचं म्हणणं सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आता माझं सांगा. बसा."

चौक बघत होता. साहेबांना बसावं लागलं, दोघांच्या मधे, अंग चोरून.

साहेब म्हणाले, "तुला वाटतं, हे विरोधक चांगले आहेत."

"नाही."

"मग तुला पेपरात नाव हवंय."

"नाही."

गॅरेजवाल्याने मान खाजवली. "साहेब, मी सांगतो. माझा एक शब्द तिला पटत नाही. पण आज तुम्ही मला उठवलंत, की कोणी बोलायचं ते खुर्ची ठरवणार. आणि खुर्चीवर रोज तुम्हीच बसणार असं नाही. असं तिचं म्हणणं."

"हो," ती म्हणाली. "हेच."

गॅरेजवाला एकदम सावरून बसला. "मला पटलंय असं नाही हां! आमचे आले तर तुम्हाला उठवणारच!"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी कामगारांना हाताने 'जा' म्हटलं आणि कोणाकडे न बघता निघून गेले. त्यानंतर चौकातून कोणाला उठवलं गेलं नाही.

आणि तिकीट? मित्रांनो, गोष्ट गोड करायला मी मिठाईवाला नाही. तिकीट साहेबांच्या पुतण्याला मिळालं. बातमी आली त्या दुपारी ती कचेरीत माझ्यावर एकटी बसून रडली. धीट माणसं रडत नाहीत असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर तो खोटारडा आहे.

दारात गॅरेजवाला उभा राहिला. आत यावं की नको, ते त्याला कळेना.

"ऐकलं मी. वाईट झालं."

"तुला रे काय त्याचं? तू थोडाच मला मत देणार होतास?"

"छे! मेलो तरी नाही." तो जरा थांबला. "पण तो पुतण्या नुसता हो-हो म्हणतो. त्याच्याशी भांडायचं तरी कशावर?"

तिने चष्मा पुसला आणि बाजूला सरकली. "बस. पाणीपट्टीचं तुझं म्हणणं अर्धवट राहिलंय. आधी तुझं सांगते."

आता माझा एक पाय डुगडुगतो. नव्या साहेबांनी नव्या खुर्च्या आणल्यात, एकेकट्याने बसायच्या, आणि मला जिन्याखाली ढकललंय. कोळ्याने माझ्या पायाशी जाळं विणलंय. असं पडून राहण्याचा मला राग येतो, लपवत नाही. मला पॉलिश नको, हार नको. फक्त एक पाचर ठोका आणि उन्हात न्या. मग ज्याचं तोंड बघायला नको वाटतं, त्याला हाक मारा. आणि तो आला, की थोडं सरका.