डाव्या हाताची गोलाई

रेघकाकांच्या दुकानात पितळ काळवंडून येतं आणि झळाळून जातं. पण त्या दिवशी म्युझियमवाल्या बाईंनी मऊ फडक्यातून काढून जे टेबलावर ठेवलं, ते बघून काका म्हणाले, "याला पॉलिश लावायचं नाही." शेजारी बसलेली पुतणी उडालीच. काकांनी पॉलिश नको म्हणणं म्हणजे न्हाव्याने केस कापू नका म्हणणं!

ती वस्तू म्हणजे ॲस्ट्रोलेब. तळहातावर मावेल एवढी जाडजूड पितळी तबकडी, चारशे वर्षांपूर्वीची. खिशात घड्याळं नव्हती तेव्हा ही कडीला धरून लोंबती ठेवायची, मागच्या पट्टीतून एखादा तारा नेमका धरायचा, तो किती उंच आलाय ते वाचायचं आणि पुढची जाळी तेवढी फिरवायची, की किती वाजले ते समोर. आख्खं आकाश हातात! त्या जाळीत प्रत्येक ताऱ्यासाठी एक नाजूक काटा कापलेला, काट्याच्या मुळाशी ताऱ्याचं नाव, आणि ते नाव एवढं बारीक की मुंगीला चष्मा लागावा. जाळीखाली एकावर एक बसणाऱ्या चकत्या होत्या, वेगवेगळ्या गावांच्या आकाशासाठी वेगवेगळ्या. काकांनी एका बोटाने जाळी फिरवली. ती कुठे घासली नाही की डगमगली नाही.

"कोण होता हा बाबा!" काका म्हणाले आणि त्यांनी त्या तबकडीपुढे चक्क मान झुकवली. एरवी दुसऱ्या कोणाच्या कामापुढे मान न झुकवणारा माणूस हा.

चकत्यांपैकी एक हरवली होती. तिच्या जागी बाईंना हाताने कोरलेली नवी हवी होती, बाकीच्यांत परकी न वाटणारी. "ही एक जुनी चकती ठेवून जाते, आधी एका पट्टीवर नमुन्याची अक्षरं करून द्या," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांनी आमची समिती बघेल. जमलं तर काम तुमचं. नाहीतर मशीनवर कोरून घेऊ."

पुतणीचा जीव तिथेच अडकला. तिला कोरीवकाम करायचं होतं, पहिल्या दिवसापासून. अठरा वर्षांपूर्वी काकांनी तिच्या हातात कोरणी दिली, तेव्हा तिने ती डाव्या हातात घेतली. काकांनी ती काढून उजव्यात दिली. उजव्या हाताने तिची रेघ अशी आली, जशी गोगलगाय वाट चुकून गेली असावी. "डाव्या हाताने कोरीवकाम होत नसतं," काका म्हणाले, "माझ्या गुरूंनी सांगितलंय." गुरूंचं नाव निघाल्यावर बोलायची सोयच नाही. ती पॉलिशला बसली ती बसलीच.

पण पोरगीही काही कमी नव्हती. जेवण झालं की काका खुर्चीत पंधरा मिनिटं डोळा लावत, आणि त्या पंधरा मिनिटांचा रोज पाऊण तास होई. तेवढ्यात ही भंगाराच्या डब्यातले पितळी तुकडे काढून डाव्या हाताने कोरायची. काका जागे व्हायच्या आत बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरून सगळं पुसूनही टाकायची. आपलं चांगलं काम रोज आपल्याच हाताने पुसायचं! मला तर नुसतं सांगताना राग येतो.

इकडे काकांनी पहिला नमुना कोरला. अक्षरं देखणी आली, कारण हात तसाच होता, लोक त्यांना रेघकाका उगाच म्हणत नव्हते. पण जुन्या चकतीशेजारी पट्टी ठेवली, की ती अंग चोरून बसलेल्या पाहुण्यासारखी दिसे. दुसऱ्या नमुन्याला त्यांनी दिव्याला नावं ठेवली, तिसऱ्याला धारेच्या दगडाला, आणि मग पितळालाच. दोनदा पट्टी उलटी फिरवूनही कोरून बघितली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. सहाव्या दिवशी त्यांनी कोरणी खाली ठेवली.

"जाऊ दे मशीनवर," ते म्हणाले. "आपणही कोरीवकाम बंद करू आता. माझ्यामागे या टेबलावर बसणार तरी कोण?"

हे त्यांनी तिच्याकडे बघत विचारलं. तिला फार लागलं ते.

काका जेवून झोपले तसं तिने भिंग उचललं आणि जुनी चकती डोळ्याखाली घेतली. अक्षरांचं वळण काकांनी अचूक उचललं होतं. मग अडतंय कुठे? तिने रेघांची टोकं बघितली. कोरणी पितळात शिरते तिथे रेघ सुईसारखी बारीक असते, बाहेर पडते तिथे कीस तुटतो आणि टोक बोथट होतं. काकांच्या अक्षरांतली प्रत्येक गोलाई घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरली होती. जुनी प्रत्येक गोलाई काट्यांबरोबर.

"अगं बाई!" ती मोठ्यांदा म्हणाली. "हा तर माझ्यासारखा डावखुरा!"

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाबरोबर आपण एका बाकावर बसलोय, असं तिला वाटलं. तिने नवी पट्टी घेतली आणि डाव्या हाताने कोरायला लागली. पाऊण तासाने बफ सुरू करायची वेळ झाली, तेव्हा तिने तो सुरू केला नाही. पट्टी जुन्या चकतीशेजारी ठेवली, वर भिंग ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

काका उठले. त्यांनी पट्टी बघितली, चकती बघितली, परत पट्टी बघितली.

"कोणी केलं हे?"

"मी."

"कुठल्या हाताने?"

तिने हात वर केला.

"माझ्या पाठीमागे हे उद्योग?"

"पाठीमागे नाही, काका. समोरच. तुम्ही घोरत होता."

काकांचे कान लाल झाले. "गुरूंनी सांगितलंय की..."

"तुम्ही पट्टी उलटी फिरवून कोरून बघितलीत ना?"

"दोनदा."

"सरळ रेघ तशी फसवता येते. गोलाई फसत नाही. उजव्या हाताची एकीकडून जाते, डाव्याची दुसरीकडून. टोकं बघा." तिने भिंग त्यांच्यापुढे सरकवलं. "काका, हे कोरणाऱ्याला त्याच्या गुरूने पॉलिशला बसवलं असतं तर?"

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ काढलं नाही. मग घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी नमुन्याचं पुडकं त्यांनी स्वतः बांधून म्युझियमला पाठवलं. आत कुणाची पट्टी आहे, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

नवव्या दिवशी बाई हसतच दुकानात शिरल्या. "काका, कमाल केलीत! नुसत्या अक्षरांचे फोटो शेजारी ठेवले, तर जुनी कुठली आणि नवी कुठली, समितीतल्या दोघांना सांगता आलं नाही. तुमचा हात अजून तसाच आहे हो!"

पुतणी हातातलं फडकं पिळत खाली बघत राहिली. काकांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कोणाला कळलंही नसतं.

"तो हात माझा नाही," काका म्हणाले. "माझे तीन नमुने त्या डब्यात पडलेत. पाठवलेली पट्टी हिची आहे. डावखुरी आहे म्हणून अठरा वर्षं मी हिला पॉलिशला बसवली, आणि ही माझ्यापेक्षा उजवी निघाली. चुकलं माझं."

बाईंना कुठे बघावं कळेना. त्यांनी सवयीने काकांनाच विचारलं, "मग चकती कधीपर्यंत मिळेल?"

"मला काय विचारता? काम तिचं आहे." काकांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि समोरचा पितळी नळ घासायला घेतला.

गालावरचं पाणी पुतणीने मनगटाने पुसलं. "दोन महिने," ती म्हणाली, आणि लगेच, "नाही, तीन."

"चार सांग," नळावरची नजर न काढता काका म्हणाले. "पहिलंच काम आहे तुझं."