नागपूर ते पुणे, सव्वा तास

हेमराज सौंसर-नागपूर बस चालवतो. त्याची बायको चंद्रकला बोरगावच्या अंगणवाडीत सेविका होती. एका सोमवारी लेकरांचं वजन करता करता ती खाली कोसळली. डोक्यातली नस फुटली होती. नागपूरच्या दवाखान्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू मेला आहे, श्वास चालतोय तो फक्त मशीनवर.

दवाखान्यात अवयवदानाचं काम पाहणाऱ्या उषाताईंनी त्याबद्दल विचारलं. तिगावहून आलेले हेमराजचे सासरे नत्थूजी उसळले.

"माह्या पोरीले कापाचं नाही. जशी आहे तशी गावाले नेऊ."

हेमराजची लेक वैशाली पुढे आली. "आबा, मागच्या साली आईनं गावात रक्तदानाचं शिबिर भरवलं. तवा सगळ्यांत आधी खाटेवर कोण झोपलं होतं? तिले विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती?"

नत्थूजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग उषाताईंकडे वळून म्हणाले, "काळीज कोनाले देतीन?"

"नाव सांगता येत नाही, बाबा. पुण्यात एक बाई आहे. तिला दोन लहान लेकरं आहेत."

हेमराजनं विचारलं. "पुणं म्हणजे गाडीनं तेरा-चौदा घंटे. तोवर टिकते का?"

"नाही. काढल्यापासून चार तासांत तिकडं बसवावं लागतं. विमानानं सहाशे किलोमीटर, सव्वा तास."

"अन् विमानतळापर्यंत? इथल्या ट्राफिकमध्ये पाऊण तास तसाच जाते, ताई. मी वीस वर्षांपासून पाहून राहिलो."

"पोलीस रस्ता मोकळा ठेवतील. बारा मिनिटं. पुण्यातही तसंच."

हेमराजनं मनात बेरीज केली, परत एकदा केली. मग सासऱ्यांकडे पाहिलं. "पोचते, मामाजी."

नत्थूजींनी मान डोलावली. हेमराजनं सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला डॉक्टर काळीज ठेवलेली पेटी घेऊन बाहेर पडले. नर्स, वॉर्डबॉय, झाडूवाल्या बाया, सगळे दोन्ही बाजूंनी हात जोडून उभे होते. हेमराज फाटकापर्यंत मागे गेला. चौकात बस, ट्रक, रिक्षा जागच्या जागी थांबल्या होत्या. मधून एकटी अँब्युलन्स गेली.

मग तिघं बाकड्यावर बसून राहिले. साडेबाराला उषाताईंनी सांगितलं, विमान उतरलं. त्यानंतर तासभर काहीच कळलं नाही. नत्थूजी दर पाच मिनिटांनी वैशालीला वेळ विचारत होते.

पावणेदोनला फोन आला. ऐकता ऐकता उषाताईंचे डोळे भरले. "धडधडून राहिलं, बाबा. आपलं आपण."

वैशालीनं आबांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. हेमराजनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

संध्याकाळी बोरगावच्या घाटावर चार गावचे लोक जमले. अंगणवाडीतल्या लेकरांच्या आया तर सगळ्याच आल्या होत्या. अग्नी दिल्यावर लोक हळूहळू निघायला लागले, तसे नत्थूजी पुढे होऊन उभे राहिले. भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"आयका. माही पोरगी गेली. पन तिचं काळीज आज विमानानं पुण्याले गेलं. दोन लेकरांची माय वाचली."

लोक थबकले. मागून कोणी तरी विचारलं, एवढ्या लांब कसं नेलं? नत्थूजींनी सगळं सांगितलं, मिनिटं धरून सांगितलं. मग वळून हेमराजला हाताला धरून पुढे ओढलं.

"अन् सही आमच्या जावयानं केली," ते म्हणाले.