खालचे तीन इंच

वसईचा ठेवा जपणाऱ्या आमच्या मंडळात अकरा सभासद होते आणि त्यातले आठ बाहेरून आलेले. मी कराडकडचा. एक्क्याण्णव साली फ्लॅट घेऊन वसईकर झालो आणि दोनच वर्षांत इथला इतिहास धोक्यात असल्याचं माझ्या लक्षात आलं. गावातली मूळ माणसं आमच्या बैठकांना फारशी येत नसत. त्यांना केळीच्या बागा शिंपायच्या असत.

अपवाद फर्डिनंड सरांचा. निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे अध्यक्ष. सरांच्या शब्दावर लोक आमच्यासमोर ट्रंका उघडायचे, जुने फोटो काढून दाखवायचे. त्यांनी नियम एकच घातला होता. फोटो आणला की आधी कॉपी काढायची, मूळ फोटो आठ दिवसांत घरी पोचवायचा, मधे त्याला कात्री-डिंक लावायचा नाही. "वस्तू त्यांची आहे, आपण बघायला आलोय," असं ते म्हणायचे. मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते मंडळाच्या लेटरहेडवर छापून घेतलं.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात आम्ही प्रदर्शन ठरवलं. त्यासाठी सर मला सांडोरला आग्नेसमावशींकडे घेऊन गेले. सत्तरीच्या होत्या. माझ्याशी बोलताना त्या शाळेतलं मराठी काढायच्या, पाहुण्यांसाठी ठेवणीतली कपबशी काढावी तसं. हातात कागद असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता.

फोटो छप्पन सालचा होता. अंगणात सात माणसं ओळीनं उभी, लग्नाला निघाल्यासारखी नटलेली. बायका गुडघ्यापर्यंतच्या लुगड्यांत, अंगावर घरातलं सगळं सोनं. त्यांच्या पायांशी दोन बुटक्या स्टुलांवर एक छोटी पांढरी पेटी, आणि पेटीत मावशींची साडेतीन वर्षांची मुलगी, लुर्दिन. तापानं गेली होती. त्या काळी घरात मूल गेलं की फोटोवाल्याला बोलवायचे, कारण मूल जिवंत असताना त्याला बोलवायचं कुणाला सुचत नसे.

"तिचा एवढाच आहे," मावशी म्हणाल्या. फोटो त्यांनी अजून हातातच धरला होता. "तिथं सगळे बघतील तिला?"

"बघतील," सर म्हणाले.

"मग न्या. बेचाळीस वर्षं मी एकटीच बघते."

मी तिथंच बसून नोंदीचा कागद भरला. लुगडी किती, ती नेसायची पद्धत, दागिने कोणते. व्यक्ती : सात.

प्रदर्शनाच्या आठवड्यात सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईला गेले आणि मंडळ माझ्या हाती आलं. आदल्या दिवशी हॉलवर आम्ही तिघं होतो. मी, खजिनदार जयवंतीबाई, आणि फोटो स्टुडिओवाला शत्रुघ्न, जो आमच्या कॉप्याही काढायचा आणि फ्रेमाही करायचा.

"हे मढं नेमकं समईच्या समोर येतंय," जयवंतीबाई म्हणाल्या.

"मढं काय म्हणता. लहान मूल आहे."

"गेलेलंच ना? पाहुणे मंत्रालयातून येणार, नारळ फोडणार, आणि मान वर केली की हे. शिवाय वर पाटी आहे 'पेहराव आणि दागिने'. पेटीचा काय संबंध?"

"दुसरीकडे लावू मग."

"दुसरीकडे मिठागरांचे फोटो आहेत."

शत्रुघ्ननं फोटो फ्रेमवर ठेवून पाहिला. "फ्रेमपण छोटी पडते साहेब. खालचे तीन इंच गेले तर एकदम फिट."

"कॉपी झाली ना याची?"

"लग्नाचा सीझन आहे. सोमवारी काढतो बोललो होतो ना."

सोमवारी प्रदर्शन संपत होतं. मी बीएला इतिहास घेतला होता, त्यामुळे कुठल्या पुराव्यातलं काय महत्त्वाचं ते मला पटकन कळतं. लुगडी महत्त्वाची होती. मी पोलादी पट्टी मागवली, ब्लेड घेतलं, आणि लुगड्यांच्या काठाखालून एक रेघ मारली. काठ सगळे शाबूत राहिले. जयवंतीबाई म्हणाल्या, हात काय सरळ आहे तुमचा.

कापलेली पट्टी मी टेबलावर ठेवली. नीट ठेवली, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. संध्याकाळी हॉल झाडला गेला. कागदाचे कपटे, सुतळी, फुलांचे देठ, सगळं मागच्या अंगणात पेटवून दिलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर आग्नेसमावशी आल्या. लाल लुगडं नेसून, सून रिटाला बरोबर घेऊन. रस्त्यात भेटलेल्या दोघी-तिघींनाही त्यांनी सांगून आणलं होतं, की माझी लुर्दिन लावलीय तिथं. बाकीचे फोटो न बघता त्या सरळ आपल्या फोटोपाशी गेल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग वाकून फ्रेमच्या खालच्या कडेतून आत बघायला लागल्या.

"मास्तर, फ्रेम उघडा जरा. ती खाली घसरलीय."

उघडून काय निघणार ते मला माहीत होतं. तरी मी फ्रेम उतरवली आणि मागचे चारही खिळे एकेक करून काढले. तेवढाच वेळ मिळाला. मावशींनी फोटो बाहेर घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कापली?"

"हो."

"कुणी?"

"मी."

"मग कापलेली द्या."

मी ती कुठं गेली ते सांगितलं. रिटा सासूचा दंड धरून म्हणाली, "चला आया, घरी चला." बरोबरच्या बायका लांब जाऊन मिठागरं बघायला लागल्या. मावशींनी फोटो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "हा ठेवा तुम्हाला. तुमचं काम झालं नाही अजून."

त्या दिवशी दोनशे चाळीस लोकांनी प्रदर्शन पाहिलं. अभिप्राय वहीत एकानं लिहिलं, 'पेहराव विभाग विशेष आवडला.'

पुढच्या आठवड्यात सर परत आले. एका डोळ्यावर पट्टी होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सांडोरला जाऊ. रिक्षा नको, चालत."

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. सरांनी हात जोडले. "आग्नेसबाय, चूक माझी. मी असायला हवं होतं."

"तुम्ही नव्हता, सर. बसा. डोळ्याला वारा लागू देऊ नका." रिटानं चहा आणला. मी माफीचं वाक्य घरून तयार करून आणलं होतं, ते निम्मंच म्हटलं.

मावशी माझ्याकडे वळल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मास्तर, कापताना तुम्ही सगळ्यात शेवटी बघितलीत तिला. जवळून. सांगा ना, कशी होती?"

कापताना मी पोलादी पट्टीकडे बघत होतो. ब्लेड रेघेवरून सुटतंय का तेवढंच बघत होतो. पण समोर बाई वाट बघत होती.

"शांत होती मावशी," मी म्हणालो. "डोळे मिटलेले. झोपल्यासारखी वाटत होती."

सरांनी उघड्या डोळ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बागेकडे बघायला लागले.

"एक डोळा मिटलाच नव्हता तिचा," मावशी म्हणाल्या. "अर्धा उघडाच राहिलेला. मी किती वेळा बोटानं मिटवला. फोटोवाला म्हणाला, राहू दे बाई, लोकांना वाटेल बघतेय. म्हणून तसाच ठेवला."

"मावशी, मी..."

"म्हणजे तुम्ही पण नाही बघितली."

"नाही."

त्यांनी मान हलवली. केळीच्या सुकल्या पानाचा तुकडा लुगड्याला चिकटला होता, तो काढून बाजूला टाकला.

"डोळा मला आठवतो," त्या म्हणाल्या. "नाक मी फोटोत बघायची."