एक हात पाणी

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. कुणाच्या घराचा नाही आणि विजेच्या तारांचाही नाही. बंदराच्या जुन्या धक्क्याला लागून मी खाऱ्या पाण्यात उभा आहे. भरती आली की पाणी माझ्या अंगावर चढते, ओहोटी लागली की उतरते. किती चढले आणि किती उतरले, हे लोकांना दाखवणे एवढेच माझे काम. दीडशे वर्षे मी ते करत आलो. आता थकलो आहे. माझ्यामुळे एका भल्या माणसाचे नाव धुळीला मिळाले, आणि मला तोंड नसल्यामुळे मी काही बोलू शकलो नाही. ती गोष्ट एकदा सांगून टाकतो, म्हणजे मला जरा हलके वाटेल.

मी मूळचा डोंगरातला. चांगला सरळ साग होतो. मला तोडून, ओढून इथे आणले आणि एका म्हाताऱ्या सुताराच्या हाती दिले. त्याने मला सोलले, डांबर पाजले आणि पटाशी घेऊन माझ्या अंगावर खाचा पाडल्या. दर हाताला एक आखूड खाच, आणि दर पाचव्या हाताला एक लांब खाच. असे पुरे वीस हात. बंदराच्या कचेरीतला कारकून तिथे उभा होता. तो म्हणाला, "आकडे रंगवायचेच आहेत, मग एवढ्या खाचा कशाला?"

सुतार मान वर न करता म्हणाला, "रंग उडतो साहेब. खाच उडत नाही."

कारकून हसला. मग मला चिखलात रोवले, खाचांवर काळे आकडे रंगवले आणि मी नोकरीला लागलो.

सुरुवातीचे दिवस बरे होते. शिडांची जहाजे येत, त्यांच्यातून लाकूड, कापडाचे गठ्ठे, मातीच्या बरण्या उतरत. या उकाड्यात दूरच्या थंड मुलखातून भुश्यात गुंडाळलेला बर्फसुद्धा जहाजाने यायचा. त्यासाठी धक्क्यामागे जाड भिंतींचे बर्फाचे कोठार बांधले होते. हमाल तिथे बर्फ वाहून नेत आणि दुपारभर दारातून हलत नसत. मुकादम ओरडला की "आलो, आलो" म्हणत आणि तिथेच बसून राहत. पुढे धुराची जहाजे आली, जकातघरावर लाल पत्रे चढले, समोरच्या खडकावर दीपगृह उभे राहिले. मी हे सगळे जागचा न हलता पाहिले. हलणे माझ्या नशिबातच नाही.

आमच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा एक उंचवटा आहे. माझ्यावर तेरा हात पाणी दिसले, तर मोठे जहाज त्या वाळूवरून सुखरूप आत येते. बारा दिसले, तर त्याचे पोट वाळूला टेकते. म्हणून मोठे जहाज यायचे असले की एक माणूस माझ्यापाशी उभा राहून पाणी वाचायचा आणि पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून आकडा हाकारायचा. बाहेर होडीत बसलेला वाटाड्या तो आकडा ऐकूनच जहाजाला आत घ्यायचा.

वाचणारे पुष्कळ आले आणि गेले. माझ्या लक्षात राहिले ते एकच. त्यांना सगळे बंदर आकडेकाका म्हणायचे. वीस वर्षे त्यांनी मला वाचले. ताप असला तरी यायचे, फडक्याने माझ्यावरचे शेवाळ पुसायचे आणि मगच आकडा बघायचे. त्यांची नऊ वर्षांची मुलगी दुपारी त्यांचा डबा घेऊन यायची आणि धक्क्याच्या दगडी पायऱ्यांवर पाय सोडून बसायची. एकदा त्यांनी तिला सांगितले, "हे बघ, बारा हात पाणी झालं की खालून सातवी पायरी भिजते. तेरा झालं की आठवी. खांब नसला तरी माणसाला पाणी वाचता आलं पाहिजे."

"मग खांब कशाला ठेवलाय?" तिने विचारले.

"साहेबांना पायऱ्या मोजायचा कंटाळा येतो म्हणून," काका म्हणाले. दोघे बापलेक खूप हसले. मलाही त्यात राग येण्यासारखे काही वाटले नाही.

याच सुमारास माझे डोके सडले. उन्हाने तडे गेले, पावसाचे पाणी आत मुरले. तेव्हा माझा वरचा एक हात कापून टाकला आणि वर पितळी टोपी बसवली. वीस हातांचा मी एकोणीस हातांचा झालो. ही गोष्ट ज्याने कापले त्याला ठाऊक, टोपी बसवणाऱ्याला ठाऊक आणि मला ठाऊक. कचेरीच्या कागदावर मात्र मी वीसचाच राहिलो. काकांना त्याने काही फरक पडला नाही, कारण तिथवर पाणी कधीच चढत नाही. माझ्या टाळूकडे बघायची त्यांना गरजच नव्हती.

मग एक दिवस बातमी आली की फार मोठा पाहुणा जहाजाने येणार आहे. झाले, सगळ्या बंदराची धावपळ उडाली. जे हलत नव्हते त्या सगळ्याला रंग लावायचा हुकूम सुटला. मी तर कधीच हलत नाही. दरवर्षी मला रंगवणारा म्हातारा रंगारी जुन्या आकड्यांवरूनच कुंचला फिरवायचा. पण तो आजारी होता. त्याच्या जागी आलेला रंगारी घाईत होता, आणि बंदराच्या साहेबांना मी चकचकीत हवा होतो. त्याने माझ्या खाचा पुट्टीने बुजवल्या आणि आधी मला नखशिखान्त पांढरा करून टाकले. जुने आकडे गेले. कागदावर लिहिले होते, 'खांब वीस हात.' त्याने शिडी लावली, टोपीखाली पहिला आकडा वीसचा काढला आणि पाणी उतरेल तसा खाली येत एकेक आकडा काढत गेला.

मित्रांनो, त्याची काही लबाडी नव्हती. त्याने कागदावर भरवसा ठेवला. पण माझ्या अंगावरचा प्रत्येक आकडा एक हात खाली सरकला. बारा हात पाणी असेल तिथे मी आता तेरा दाखवू लागलो.

काकांना त्या दिवशी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला कमानी बांधायच्या कामावर पाठवले होते. संध्याकाळी ते आले, मला वरून खाली न्याहाळले आणि म्हणाले, "वा रे वा, नवरदेव झालास की." मी ओरडू शकलो असतो तर तेव्हाच ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर बँड वाजत होता. शाळेची मुले उन्हात रांगेत उभी होती. आकडेकाकांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे पाणी पाहिले, एकदा पाहिले, दोनदा पाहिले आणि भोंग्यातून हाकारले, "तेरा!" वाटाड्याने जहाज आत घेतले, आणि सगळ्या गावादेखत ते वाळूवर जाऊन बसले.

पुढची भरती येईपर्यंत ते तिथून हलले नाही. मोठ्या पाहुण्याला मासळीच्या होडीतून आणावे लागले. त्याच्या पांढऱ्या बुटांना खवले चिकटले होते. बँडवाल्यांना वाजवावे की थांबावे ते कळेना. लोक हसू दाबत होते, आणि साहेबांचा चेहरा माझ्यावरच्या रंगासारखा पांढरा झाला होता.

चौकशी झाली. काका एकच सांगत राहिले, "मी तेरा वाचलं. तेराच होतं."

साहेब म्हणाले, "मग काय खांब खोटं बोलला? डुलकी लागली असेल तुम्हाला. कबूल करा आणि मोकळे व्हा."

काकांनी कबूल केले नाही. त्यांची नोकरी गेली.

त्या आठवड्यात ते मुलीला घेऊन एकदा पायऱ्यांवर येऊन बसले. मग ते म्हणाले, "सातवीच भिजली होती गं त्या दिवशी. आठवी कोरडी होती. आता डोळ्यांपुढे येतं. पण मी आकडा वाचला, पायरी बघितलीच नाही."

"मग जाऊन सांगा ना त्यांना, बाबा."

"कोण ऐकणार? खांब सरकारचा आहे, पायरी माझी."

ते परत कधी धक्क्यावर आले नाहीत. पुढे कुठल्याशा गोदामावर पहारेकरी झाले, आणि तिथेही लोक त्यांना "काका, झोप झाली का?" म्हणून चिडवत, असे मी हमालांच्या बोलण्यातून ऐकले. इकडे दोनचार जहाजे पुन्हा घासली, तेव्हा वाटाडे आपसांत म्हणू लागले की वाळूच एक हात चढली आहे. तसा नवा नियम झाला, तेराऐवजी चौदा पाहिजे. नियम बदलला आणि माझी चूक कायमची झाकली गेली. काकांकडे जाऊन "तुमचं बरोबर असेल हो" म्हणायला कुणाला सवड झाली नाही. असेच ते एक दिवस गेले.

मग बंदरालाच उतरती कळा लागली. मोठी जहाजे खाडीपलीकडच्या नव्या बंदरात जाऊ लागली. पायऱ्यांवर काँक्रीट ओतले. मला कुणी वाचेना. कावळे बसत, होडीवाले दोर बांधत, कुणी अंगावर जाहिराती चिकटवत. इतकी वर्षे मी असा उभा होतो, आणि रंगाखाली बुजलेल्या खाचा मला आतून दुखत होत्या. कुणीतरी खरवडावे, एवढेच मी मनात म्हणत असे.

अलीकडे पर्यटक येऊ लागले. बर्फाच्या कोठारात कॉफीचे दुकान निघाले, जकातघरात चित्रे लागली. आणि मी झालो 'झोपाळू वाचकाचा खांब'. दुकानात माझी छोटी लाकडी प्रतिकृती मिळते. तिला मिठी मारून एक माणूस घोरत असतो. लोक ती हौसेने विकत घेतात.

पर्यटकांना गाव दाखवायला छत्री घेऊन एक ताई येतात. साठीच्या आहेत. पहिल्याच दिवशी त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या, आणि त्यांनी पाण्याच्या रेषेकडे पाहिले ते पाहून मी ओळखले. आकडेकाकांची मुलगी. दीपगृह, कोठार, जकातघर त्या रंगवून सांगत. माझ्यापाशी आल्या की मात्र आवाज खाली जायचा. "इथे एकदा जहाज अडकलं होतं. वाचणारा झोपला होता, असं लोक म्हणतात," एवढेच बोलून त्या छत्री उचलत. त्यांच्या मॅनेजरला ते पटत नसे. एकदा तो म्हणाला, "ताई, तेवढी गोष्ट जरा खुलवून सांगा. लोक त्याच्यासाठीच येतात. नाही जमत तर मी दुसऱ्या कुणाला सांगायला लावतो."

"सांगेन मीच," ताई म्हणाल्या. तो गेल्यावर त्या माझ्याजवळ कठड्याला टेकून हळूच म्हणाल्या, "दुसऱ्याने सांगितलं तर तो हसून सांगेल." ती गोष्ट त्यांच्या बाबांची होती, हे मॅनेजरला माहीतही नव्हते.

गेल्या महिन्यात मला पुन्हा रंगवायचे ठरले. या वेळी एक मिस्त्री आला, सावकाश काम करणारा. ओहोटीची वेळ बघून त्याने होडी माझ्याजवळ लावली आणि पत्र्याच्या पट्टीने रंग खरवडायला घेतला. पांढरा, मग पिवळट, मग हिरवा, मग पुन्हा पांढरा. शेवटी पुट्टीचा एक तुकडा खळकन पाण्यात पडला, आणि पन्नास वर्षांनी माझ्या खाचेला वारा लागला. तुम्हाला काय सांगू, इतके बरे वाटले.

मिस्त्रीने टेप लावला. खाली मोजले, वर मोजले. डोके खाजवले. वर कठड्याशी ताई उभ्या होत्या. तो म्हणाला, "ताई, हे काय गौडबंगाल आहे? लांब खाच पाचापाचाला मारलीय. म्हणजे ही पंधराची. पण शेजारी आकडा सोळाचा काढलाय. खालची दहाची, तिथे अकरा."

ताईंनी छत्री खाली ठेवली. "खाचा सरकल्या असतील?"

"लाकडातली खाच कशी सरकेल? आकडे सरकलेत. एक हात खाली."

"म्हणजे पाणी बारा असेल तर..."

"हा तेरा दाखवणार. वाचणारा बिचारा काय करील?"

"पुन्हा सांगा," ताई म्हणाल्या. त्याने पुन्हा सांगितले. मग त्या भर उन्हात तिथेच काँक्रीटवर बसल्या, आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मिस्त्रीला काही कळेना. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला. त्याने खाचा पाहिल्या, फोटो पाहिले आणि तरी म्हणाला, "ते खरं हो ताई. पण झोपेची गोष्ट लोकांना आवडते, त्याचं काय करायचं?"

ताई म्हणाल्या, "मग सांगा ना झोपेची. म्हणावं, माणूस जागा होता. खांब झोपला होता."

मला वाईट वाटले नाही. ताई बोलल्या त्यात खोटे काही नाही.

मित्रांनो, आता माझे मागणे एवढेच आहे. मला रंगवू नका असे मी म्हणत नाही. रंग हवा, नाहीतर खारे पाणी मला खाऊन टाकील. पण जुन्या वस्तूवर नवा रंग चढवण्याआधी तिला थोडे खरवडून बघा, आणि जो माणूस रोज तिला हाताळतो त्याला एकदा विचारा. पायरी कोरडी होती असे कुणी सांगत असेल, तर खाली उतरून पायरी बघा. जहाजे पुढच्या भरतीला सुटतात. माणसांना तेवढी भरती मिळत नाही.

मिस्त्रीने आकडे पुन्हा जागच्या जागी काढले. खाचा ताईंनी उघड्याच ठेवायला लावल्या. काल काम संपले, तेव्हा पाणी चढत होते. पर्यटक निघून गेले होते. ताई कठड्याशी आल्या, त्यांनी माझ्यावरची पाण्याची रेघ पाहिली, एकदा पाहिली, दोनदा पाहिली. समोर एकही जहाज नव्हते. तरी त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असे हाकारले, "बारा!"